'फाइल सल्लागार मंडळाकडे आहे' म्हणाले? अपिलाची मुदत आधी मोजा

तुम्ही लिहिलंय की माहिती अधिकारात जुन्या भूसंपादनाची फाइल मागितली, तर केंद्राच्या कार्यालयाने 'प्रकरण अभिलेख सल्लागार मंडळाच्या विचाराधीन' असं कळवलं. वाचून डोकंच फिरलं. हेच उत्तर मलाही मिळालं होतं, कार्यालय दुसरं.

अर्ज कसा करायचा हे तुम्हाला ठाऊक आहेच. मुद्दा मंडळाचा. अभिलेख म्हणजे सरकारी कागदपत्रं; सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३, कलम १३ खालचं हे मंडळ. अध्यक्ष संस्कृती खात्याचे सचिव, सदस्य-सचिव राष्ट्रीय अभिलेखागाराचे महासंचालक. कलम १४ मधली कामं म्हणजे अभिलेखांची व्यवस्था, जतन आणि वापर यांवर सरकारला सल्ला देणं, अभिलेखपालांच्या प्रशिक्षणाची दिशा ठरवणं, खासगी ताब्यातले कागद मिळवण्याबाबत निर्देश देणं. अमक्या अर्जदाराला फाइल दाखवायची की नाही, हे त्यात कुठे आहे? उलट कलम १२(२) नुसार आपल्या ताब्यातला अभिलेख ते कार्यालय स्वतःच दाखवू शकतं.

मला आलेलं पत्र दोन ओळींचं होतं. जावक क्रमांकाची जागा कोरी, खाली सही म्हणजे नुसता फराटा. नकार द्यायचा तर कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील द्यावा लागतो, माहिती अधिकाराचं कलम ७(८). यातलं काहीच नव्हतं, कारण तो नकार नव्हताच म्हणे! चौकशीला गेलं की 'बैठक व्हायची आहे'. तोवर प्रथम अपिलाचे ३० दिवस सरले. मग उशीर माफ करा म्हणून विनवण्या करण्यात माझी सगळ्यात जास्त शक्ती गेली. फाइल कुणी मंडळाकडे पाठवलीच नव्हती, हे नंतर फाइलवरची टिपणी पाहिल्यावर कळलं. संतापायचं तरी कुणावर?

मी वकील नाही, तेव्हा पडताळून घ्या. पण माझं मत स्पष्ट आहे: अर्ज पोचल्यापासून ३० दिवसांत माहिती आली नाही की तो नकारच समजायचा आणि पुढच्या ३० दिवसांत अपील टाकायचं. सोबत वेगळा अर्ज करून मंडळाकडे पाठवल्याच्या पत्राची प्रत मागा. गोची होते त्यांची. फाइल २० वर्षांहून जुनी असेल तर अपिलात माहिती अधिकाराचं कलम ८(३) लिहाच. मग मुख्यतः देशाची सुरक्षा आणि हितसंबंध, संसद-विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद एवढीच कारणं उरतात.

जाता जाता, प्रतींपेक्षा आधी अवलोकन, म्हणजे कार्यालयात बसून फाइल पाहायला, मागा. केंद्रात पहिला तास फुकट असतो, आणि फाइलची पानं उलटताना काय काय सापडतं ते बाहेरून कळत नाही. राज्याचं कार्यालय असतं तर हे मंडळ लागूच नव्हतं, महाराष्ट्राचा स्वतंत्र अभिलेख कायदा आहे.

अर्ज त्यांना कोणत्या तारखेला पोचला ते इथे टाका. पोच आहे ना जवळ?