बाळाच्या रिपोर्टवरून सुनेला घराबाहेर काढता येत नाही

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातली. बाळंतपण माहेरी, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खासगी दवाखान्यात झालं. दीड महिन्यानं बाळाचं नाक सारखं वाहू लागलं, तळहात-तळपायांची सालं निघाली, एक हात हलवेना. बेळगावच्या डॉक्टरांनी जन्मजात सिफिलिस, म्हणजे गरोदरपणी आईकडून बाळाला लागणारा लैंगिक रोग, सांगितला. दवाखाना म्हणतो, जन्मताना बाळ ठणठणीत होतं. सासरचे म्हणतात दोष तुझाच, घटस्फोटाच्या कागदावर सही कर.

उत्तर : ताई, सही करू नका. रक्ततपासणीतून आजार कळतो, तो कुणाकडून कुणाला लागला हे कळत नाही. नवऱ्याचीही तपासणी आणि उपचार व्हायलाच हवेत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 मध्ये लैंगिक रोग हे घटस्फोटाचं कारण आहे खरं, पण तो संसर्ग होईल अशा स्वरूपात आहे हे नवऱ्याला सिद्ध करावं लागतं. पेनिसिलिनचा उपचार पूर्ण केलेल्या बाईविरुद्ध ते अवघड आहे. घराबाहेर काढू लागले तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 17 नं तुम्हाला त्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे.

आता दवाखाना. 'जन्मताना ठणठणीत' हा बचाव मला मुळीच पटत नाही. अशी बरीचशी बाळं जन्मताना धडधाकटच दिसतात, लक्षणं पुढच्या काही आठवड्यांत उमटतात. गरोदरपणी तुमची व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्ततपासणी) केली का, आणि दोष निघूनही पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं नाही का, हे विचारायचं. केस पेपर लेखी अर्जानं मागा; 72 तासांत द्यावे लागतात. खानापूरला नाव नोंदवलं असेल तर तायी कार्डही (गरोदर बाईच्या तपासण्यांची नोंद असलेलं सरकारी कार्ड) जपून ठेवा.

समोरचा वकील एक मुद्दा हमखास काढेल. आईची प्रतिद्रव्यं (रोगाविरुद्ध रक्तात तयार होणारी द्रव्यं, तपासणीत तीच दिसतात) वारेतून बाळात उतरतात, म्हणून बाळाच्या रिपोर्टवरचा नुसता 'रिअ‍ॅक्टिव्ह' शेरा पुरत नाही. तुम्हा दोघांचं एकाच तपासणीचं टायटर, म्हणजे प्रतिद्रव्यांचं प्रमाण सांगणारा आकडा, लिहून घ्या. बाळाचं तुमच्या चौपट किंवा जास्त असेल तर पुरावा भक्कम. नसलं तरी आजार नाही असं ठरत नाही. हाताच्या हाडांचा एक्स-रे आणि पाठीतल्या पाण्याचा रिपोर्टही फाइलला हवा. या धावपळीत बाळाच्या दहा दिवसांच्या पेनिसिलिनमध्ये खंड पडू देऊ नका. एका दिवसाहून जास्त चुकलं तर कोर्स पुन्हा पहिल्यापासून.

2019 च्या ग्राहक कायद्यानं राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात. कोल्हापूरला खेपा नकोत. बिलाच्या पावत्या लावा. मुदत 2 वर्षं, ती बाळंतपणाच्या तारखेपासूनच धरून चला. बाळ आणि आईवडील दोघांनाही भरपाई मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं 1998 मध्ये स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या प्रकरणात मान्य केलं आहे. वकिलाच्या फीची चिंता असेल तर बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही.