बँकॉकमध्ये एकच दिवस मोकळा असेल तर

कार्यालयीन कामासाठी बँकॉकला जाताना आपल्याला एकच रविवार मोकळा मिळणार आहे, सोबत कोणी नाही, आपण शाकाहारी आहात, आणि असा दिवस कसा घालवावा, असे आपण विचारले आहे. मीही अशाच एका कामासाठी जानेवारीत तिथे गेले होते आणि एक पूर्ण दिवस एकटीने शहर पाहिले होते. त्यावरून माझे स्पष्ट मत असे की तरंगता बाजार, मॉल, सफारी या सगळ्यांच्या मागे न लागता दिवसभर चाओ फ्राया नदीचा जुना काठ धरून राहावे. नावाजलेले तरंगते बाजार शहराबाहेर लांब आहेत आणि बँकॉकची रहदारी आपल्या ठाणे-बेलापूर रस्त्यालाही लाजवेल अशी आहे.

सकाळी उन्नत रेल्वेने सफान ताक्सिन स्थानकावर उतरले की पुलाखालीच सातोर्न धक्का लागतो. तिथे पर्यटकांसाठीची महागडी बोट दाखवणारे पुष्कळ भेटतात, पण नारिंगी झेंड्याची साधी बोट घ्यावी, कारण त्या बोटीतून शाळेची मुले, भाजीच्या पिशव्या आणि भिक्खू असे सगळेच जातात. भिक्खूंसाठी जागा राखून ठेवलेली असते. स्त्रियांनी त्यांना स्पर्श होणार नाही अशा बेताने उभे राहायचे असते, हे मला शेजारच्या आजींनी नुसत्या हाताच्या खुणेने सांगितले. तिकीट देणारी बाई पत्र्याची एक लांब नळी उघडमीट करत आणि आतली नाणी खुळखुळवत फिरते. तो आवाज ऐकून मला एसटीच्या कंडक्टरच्या चिमट्याची टकटक आठवली.

था चांग धक्क्यावर उतरून राजवाड्याकडे, म्हणजे ग्रँड पॅलेसकडे, चालत जावे. राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो, तिकीट 500 बाथ आहे, आणि खांदे व गुडघे झाकणारे कपडे नसतील तर आत सोडत नाहीत. वाटेत एक नीटनेटके, इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ अत्यंत आदबीने थांबवून सांगतील की आज प्रार्थना असल्यामुळे राजवाडा दुपारपर्यंत बंद आहे, तोवर टुकटुकने, म्हणजे तिथल्या रिक्षाने, दुसरी देवळे पाहून या. ही टुकटुक शेवटी रत्नांच्या दुकानापाशी जाऊन थांबते. मला हे आधीपासून ठाऊक होते, तरीही त्यांच्या सभ्यपणामुळे मी दोन मिनिटे घुटमळले, हे कबूल करते. दरवाजापर्यंत स्वतः चालत जाऊन पाहावे, एवढाच यावर उपाय आहे.

हा राजवाडा थायलंडचा राजा पहिला राम याने 1782 मध्ये राजधानी नदीच्या पूर्वेच्या काठावर आणली तेव्हा उभारायला घेतला. आवारातल्या वाट फ्रा केव या मंदिरात (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे मंदिर) पाचूचा बुद्ध म्हणून प्रसिद्ध असलेली मूर्ती आहे. ती प्रत्यक्षात पाचूची नसून हिरव्या दगडाची आहे, आणि उंची जेमतेम 66 सेंटीमीटर. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तीन ऋतूंचे तीन पोशाख तिला असतात आणि ते राजाच्या हस्ते बदलले जातात. पंढरपुरात विठोबाचे ऋतूप्रमाणे उपचार बदलतात हे पाहिलेल्या माणसाला यात परके काही वाटत नाही. गर्दी सगळी या मूर्तीपाशी असते. पण मी आपल्याला आग्रहाने सांगेन की तिथे दहा मिनिटे बसून नंतरचा तास-दीड तास मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांमध्ये घालवावा.

त्या ओवऱ्यांच्या भिंतींवर रामकियेनची, म्हणजे थाई रामायणाची, 178 चित्रे सलग रंगवलेली आहेत आणि कथा उत्तरेच्या दारापासून सुरू होते. दहा तोंडांचा रावण तिथे हिरवा आहे आणि त्याचे नाव थोत्सकान, म्हणजे दशकंठ. मारुती पांढराशुभ्र आहे आणि तो ब्रह्मचारी मुळीच नाही. सेतू बांधताना दगड पळवणाऱ्या मत्स्यकन्यांची प्रमुख सुवर्णमच्छा ही रावणाचीच मुलगी, तिच्यावर मारुतीचे मन जडते आणि त्यांना मच्छानु नावाचा मुलगा होतो. आपल्याकडे मारुतीच्या घामाचा थेंब मगरीने गिळला आणि मकरध्वज जन्मला, असे सांगून ब्रह्मचर्य सांभाळले आहे. थाई कवींना ती अडचण वाटलेली नाही. मी सर्वांत जास्त वेळ ज्या चित्रापाशी थांबले त्यात मारुती डोंगराएवढा होऊन बसला आहे, त्याने जबडा उघडला आहे आणि त्या जबड्यात, दातांच्या आत, रामाचा अख्खा मंडप आहे. मैयराप रामाला पळवू नये म्हणून त्याने मंडपच तोंडात धरला आहे. हा मैयराप म्हणजे आपला महिरावण. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत मारुती शेपटीचे वेटोळे घालून पहारा करतो, त्यामुळे हा जबडा पाहून मला हसू आले आणि ते सांगायला शेजारी कोणी नव्हते. एकट्याने फिरण्यातली उणीव दिवसभरात मला तेवढीच जाणवली.

तिथून वाट फो चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. पहुडलेला बुद्ध 46 मीटर लांब आणि 15 मीटर उंच असल्यामुळे एका नजरेत मावत नाही. पावलांच्या तळव्यांवर शिंपल्यांच्या जडावात 108 मंगलचिन्हे आहेत, ती जवळून पाहावीत. मागच्या बाजूने 108 वाट्यांमध्ये एकेक नाणे टाकत लोक जातात आणि त्याचा किणकिणाट त्या दालनात सतत चालू असतो. या मंदिरातच थाई मालिशीची जुनी परंपरा असलेली शाळा आहे. पाय दुखत असतील तर तिथेच पाऊण तास द्यावा.

जेवणाबाबत सावध राहावे लागते, कारण नुसत्या भाज्यांच्या पदार्थातही नाम प्ला, म्हणजे माशांचे पाणी, सर्रास घालतात. ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवा. पिवळ्या फलकावर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो, आणि अशा ठिकाणी मांस-मासेच काय, कांदा-लसूणही वापरत नाहीत, थेट आपल्या चातुर्मासासारखे. आंब्याच्या फोडींबरोबर नारळाच्या दुधातला चिकट भात मात्र कुठेही मिळतो आणि नारळीभाताची सवय असलेल्याला तो लगेच आवडतो.

दुपारनंतर था तिएन धक्क्यावरून किरकोळ पैशांत होडीने पलीकडच्या वाट अरुणला जावे. अरुण म्हणजे सूर्याचा सारथीच. चिनी मातीच्या फुटक्या भांड्यांच्या तुकड्यांनी मढवलेले त्याचे शिखर जवळून पाहिले तर बशीची कड, वाटीचा बूड असे ओळखू येते. सूर्यास्तासाठी मात्र पुन्हा अलीकडच्या काठावर यावे, म्हणजे शिखर प्रकाशाच्या विरुद्ध दिसते.

संध्याकाळी परतताना चित लोम स्थानकाजवळच्या एरावान देवस्थानापाशी थोडे थांबा. आपल्याकडे ज्याचे देऊळ शोधावे लागते तो चतुर्मुख ब्रह्मदेव तिथे 1956 पासून रस्त्याच्या चौकात, आता उन्नत रेल्वेच्या सावलीत, बसलेला आहे आणि झेंडूच्या माळांनी अक्षरशः झाकलेला असतो. इच्छा पुरी झाली की लोक पैसे भरून तिथल्या नर्तकींकडून नाच करवून नवस फेडतात. मी पाहिले तेव्हा कार्यालयातून थेट आलेली एक तरुणी गळ्यातले ओळखपत्रही न काढता गुडघ्यांवर बसली होती, मागे सोनेरी मुकुट घातलेल्या नर्तकी संथ लयीत नाचत होत्या, आणि नाच संपताच तिने पर्स उचलली आणि जिना चढून गाडी पकडायला गेली.