मिनिट सांग

अरे,

वही पोचली. महिन्याभरात ऐकलेले सव्वीस अल्बम, प्रत्येकाला अर्धं पान आणि कोपऱ्यात तारे. अक्षर चांगलं आहे, एवढं कौतुक पुरे. तुझं खरं दुखणं वहीत नाही, सोबतच्या चिठ्ठीत आहे. सगळे ज्याला थोर म्हणतात ते ऐकताना कधी कधी तुला कंटाळा येतो, आणि मग दोष अल्बमचा की आपल्या कानाचा हे कळेनासं होतं. तेवढ्यासाठी हे पत्र. एरवी हल्ली मी चार ओळींच्या वर लिहीत नाही.

सातवं पान उघड. पियानोवादक बिल एव्हान्सच्या ट्रायोचा, म्हणजे पियानो, बास आणि ड्रम्स अशा तिघांचा, 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड'. तिथे तू शाईने लिहिलंयस, 'मागे कुणीतरी सारखं बोलतंय, ग्लास वाजताहेत, माझं लक्ष पियानोपेक्षा तिकडेच जातंय.' या वाक्यावर पेन्सिलीची आडवी रेघ. आणि खाली, 'जॅझ ट्रायोच्या इतिहासातला मैलाचा दगड. वादकांमधला संवाद अप्रतिम.' साडेचार तारे.

मला राग आला. सबंध वहीत जे एक वाक्य तू स्वतःच्या कानांनी लिहिलंस, नेमकं तेच खोडलंस! मैलाचा दगड तू पाहिलेला नाहीस. तो कुणीतरी दाखवला, तू मान डोलावलीस. ग्लास मात्र तू ऐकलेस. ते तिथे आहेतच. २५ जून १९६१, रविवार, न्यूयॉर्कमधला एक तळघरातला क्लब, दुपार-संध्याकाळ मिळून पाच बैठका. लोक गप्पा मारायला आले होते, समोर कुणीतरी वाजवत होतं. बास, म्हणजे खर्जातलं मोठं तंतुवाद्य, वाजवणारा स्कॉट लाफारो त्यानंतर अकराव्या दिवशी मोटार अपघातात गेला. पंचवीस वर्षांचा होता. मग अल्बमसाठी तुकडे निवडताना त्याचा बास पुढे येईल असेच निवडले. पहिली रचना त्याची, शेवटचीही त्याचीच. हे कळल्यावर पुन्हा ऐक. तो ग्लास वाजतो त्या क्षणी तो पोरगा जिवंत आहे आणि जवळच्या टेबलावर कुणीतरी भलत्याच गोष्टीवर हसतंय.

पण आता ही माहिती घोकून वहीत उतरवलीस तर पुन्हा तेच होईल. ती माझी झाली. तुझं काय ते सांग. ग्लास कितव्या मिनिटाला वाजला? बास खाली घुमायचा सोडून पियानोशी वाद घालायला वर कधी आला? मिनिट सांग. मला दुसरं काही नको.

ही माझी जुनी खोड आहे, माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांना ती ठाऊक आहे. कुणी म्हणालं 'काय आवाज लागलाय', की मी विचारते, कुठे? निम्मे लोक गप्प होतात. उरलेल्यांतले निम्मे चिडतात. जे एक-दोन जण 'थांबा, पुन्हा लावून सांगतो' म्हणतात, त्यांच्याशी माझं जमतं.

कंटाळ्याचंही तेच. कंटाळा आला हे लिहायला लाजू नकोस, पण कितव्या मिनिटाला आला ते लिही. सुरुवातीला आला की निम्म्यात? गाणं पुन्हा त्याच ओळीवर परतलं तेव्हा, की फोन हातात घेतलास तेव्हा? जागा सापडली की दोष कुणाचा ते बहुतेक वेळा आपोआप कळतं. नाही कळलं तरी निदान तो कंटाळा तुझा स्वतःचा असतो.

अकराव्या पानावर जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'ला तू 'निर्दोष' म्हटलंयस. हा शब्द कुठून उचललास? १९५९च्या मार्चमध्ये पहिल्या दिवशी जे ध्वनिमुद्रण झालं, त्यात टेपचं यंत्र किंचित सावकाश फिरत होतं. त्यामुळे नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर रेकॉर्डची अख्खी पहिली बाजू खऱ्यापेक्षा थोडी चढ्या सुरात बाहेर पडली. ते दुरुस्त झालं १९९२ साली. म्हणजे तीसहून जास्त वर्षं लोक चढलेला सूर ऐकत होते आणि निर्दोष, निर्दोष म्हणत होते. मीही त्यातलीच. माझ्याकडे जुनी प्रत होती आणि मला काडीचाही पत्ता लागला नाही. म्हणून अल्बम लहान ठरतो का? मुळीच नाही. पण 'निर्दोष' हा शब्द ऐकणाऱ्याचा नव्हे, प्रमाणपत्रावर शिक्का मारणाऱ्याचा. तुझ्या हातात शिक्का कुणी दिला?

आता माझं ऐक. आवडणार नाही, तरी ऐक.

तुझ्या वयाची असताना एका मैत्रिणीने मला एक कॅसेट दिली. नीट ऐक म्हणाली. मी ए बाजू ऐकली, ठीकठाक वाटली, आणि आठवड्याने कॅसेट परत देताना वर भाषण ठोकलं. गाणारीला दम नाही, संयोजन जुनाट, वगैरे. तेव्हा मला मतं फार होती. मैत्रिणीने काही न बोलता कॅसेट उजेडात धरली आणि मधल्या खिडकीतून पाहिलं. सगळी फीत उजव्या चक्रीवर. म्हणजे ए बाजू संपली तिथेच मी थांबले होते, कॅसेट उलटलीच नव्हती. ती एवढंच म्हणाली, 'शेवटच्या गाण्यासाठी दिली होती गं.' ते शेवटचं गाणं अर्थातच बी बाजूला होतं. तिने मला पुन्हा कधी काही ऐकायला दिलं नाही. भांडण नाही, अबोला नाही, फक्त देणं थांबलं. ते गाणं मी पुढे ऐकलं, बऱ्याच वर्षांनी. तिला काय वाटलं असेल ती जागा मला सापडलीसुद्धा, तिसऱ्या कडव्याआधी वाद्यं गप्प होतात तिथे. पण सांगायचं कुणाला?

तुझ्या पिढीला उलटायला बाजूच नाही. स्पॉटिफायच्या हिशेबात तीस सेकंद वाजलं की ते गाणं 'ऐकलं' म्हणून मोजलं जातं. ठीक आहे, तो त्यांचा हिशेब. तू वहीत तो धरू नकोस. सव्वीस अल्बमांतले क्रमाने किती ऐकलेस, खरं सांग. बाविसाव्या पानामुळे विचारतेय. 'कॉल ऑफ द व्हॅली'बद्दल तू लिहिलंयस, 'रचना सुंदर, पण एकसंध परिणाम होत नाही.' शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने लावणं, चालू होतं ना? शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, साथीला माणिकराव पोपटकरांचा तबला. १९६७चा तो अल्बम म्हणजे काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा अख्खा दिवस आहे. अहिर भैरवाने उजाडतं, शेवटी पहाडी येतो. तू आधी रात्र लावलीस, मग सकाळ, आणि वर त्यांनाच विचारतोस की दिवस का जमला नाही!

क्रम उगाच नसतो. रेकॉर्डवर तर त्याला निव्वळ यांत्रिक कारणही होतं. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते, पण सुई जसजशी मध्याकडे सरकते तसतसा फेरा लहान होत जातो. त्याच वेळात खोबणीची लांबी कमी मिळते आणि आवाज फाटायचा धोका वाढतो. म्हणून दणदणीत गाणी बाहेरच्या कडेला आणि हळुवार गाणी बाजूच्या शेवटी ठेवण्याची पद्धत पडली. तंत्राची अडचण होती, ऐकणाऱ्यांना तिची गोडी लागली.

ताऱ्यांविषयी. एका नियतकालिकात मी काही वर्षं अल्बमांवर लिहायचे. संपादक म्हणाले, शेवटी तारे द्या, वाचकांना सोपं जातं. मी नाही म्हटलं. दोन महिन्यांत सदर बंद. लोक अजून सांगतात की मी हट्टीपणाने स्वतःचं नुकसान केलं. केलं असेल. पण तारे दिले की माणूस तारेच वाचतो, आणि लिहिणाराही हळूहळू ताऱ्यांपुरतंच ऐकायला लागतो. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं. अर्थात त्यानंतर सहा-सात वर्षं मी रागाच्या भरात काहीच लिहिलं नाही, हे काही बरोबर नव्हतं. तेव्हा ऐकलेलं बरंचसं आता आठवत नाही. तुझी वही पाहिली तेव्हा पहिल्यांदा हेवा वाटला. राग नंतर आला.

आणि माझा कान फार तयार आहे असं समजू नकोस. पियानोवादक ग्लेन गुल्डने बाख या संगीतकाराची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' दोनदा मुद्रित केली, १९५५ साली आणि १९८१ साली. पहिली अडतीस मिनिटांची, दुसरी एक्कावन्न. मी कित्येक वर्षं सांगत फिरले की दुसरी म्हणजे म्हातारपणाचा थकवा. तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता! ते मतही उसनं होतं, कुठेतरी वाचलेलं. मग एकदा दोन्हींचा नुसता सुरुवातीचा आरिया, म्हणजे मूळ धून, घड्याळ लावून ऐकला. पहिला दोन मिनिटांच्या आत संपतो, दुसरा तीन मिनिटांच्या पुढे जातो. त्या मधल्या जागेत थकवा नाही रे. तिथे तो प्रत्येक स्वर विझेपर्यंत थांबतो आणि खालच्या आवाजात स्वतःशीच गुणगुणतो. ते गुणगुणणं मी तोवर ऐकलंच नव्हतं. मत तयार होतं ना.

तेव्हा पुढच्या महिन्यात सव्वीस नकोत. तीन पाठव. तारे नकोत, 'अप्रतिम' नको, इतिहास मला माहीत आहे. एखादा अल्बम सगळ्या जगाला आवडला आणि तुला नाही, तर तसं लिही आणि मिनिट सांग. चुकलास तर आपण दोघं ती जागा लावून पाहू.

वही सोबत परत पाठवतेय. माझी एकही ओळ तिच्यात नाही. सातव्या पानावर तुझं वाक्य शाईतलं होतं आणि काट पेन्सिलीची, म्हणून काट पुसून टाकली आहे. थोडा डाग राहिला. शेजारी समासात जागा आहे. ग्लास कितव्या मिनिटाला वाजला, ते तिथे लिही.