शेवटच्या दिवशी नुसते आभारच का?

प्रश्न: जिनिव्हाला पारंपरिक कलांच्या संरक्षणावर एवढ्या बैठका होतात, पण शेवटच्या दिवशी सगळे देश नुसते आभार मानत बसतात म्हणे. हा टाइमपास नाही का?

उत्तर: नाही हो, मला तरी तसं वाटत नाही. तिथं वायपोची, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची, यासाठीची समिती 2001 पासून बसतेय. शेवटी आफ्रिकी गट, लॅटिन अमेरिकन गट, आशिया-पॅसिफिक गट असे एकेक बोलतात, अध्यक्षांचे, सेक्रेटरिएटचे, काचेच्या केबिनमधल्या दुभाष्यांचे आभार मानतात, आणि त्याच दोन मिनिटांत कोण कुठं अडलंय हेही सांगून टाकतात, तेव्हा ते नीट ऐकावं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आदिवासी प्रतिनिधींचं बोलणं. त्यांना मतदानाचा हक्क नाही, त्यांची सूचनासुद्धा एखाद्या सदस्य देशानं उचलून धरली तरच कराराच्या मसुद्यात टिकते, त्यामुळे निरोपाचे ते शब्द त्यांच्यासाठी नुसती औपचारिकता नसते, नोंद असते. 24 मे 2024 ला करार झाला खरा, पण तो जनुकीय संसाधनं, म्हणजे वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव यांतली उपयोगी सामग्री, आणि त्यांच्याशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानापुरता, पेटंट मागणाऱ्यानं मूळ कुठलं ते सांगायचं एवढा. चित्रं, गाणी, नक्षी अजून बाहेरच आहेत. आपल्या वारली चित्रकलेला भारतात जीआय, म्हणजे मूळ प्रदेशाशी जोडलेलं भौगोलिक मानांकन, मिळालाय, पण गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेली ती माणसं परदेशात कुणी उशीच्या अभ्र्यावर छापली तर तो जीआय तिथं आपोआप लागू होत नाही, म्हणून तर या बैठका चालू राहायला हव्यात.