‘माझ्या डोक्यातच बिघाड झाला आहे का?’

ऑनलाइन फसवणूक झालेली वयस्कर माणसे माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न सहसा पैशांचा नसतो. “जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, मग हे मलाच कसे कळले नाही? विसरभोळेपणाची सुरुवात तर नाही ना?” असे ते विचारतात, आणि तेही बरोबर आलेला मुलगा किंवा सून खोलीबाहेर गेल्यावर. नाशिकच्या एका गृहस्थांनी हाच प्रश्न विचारला होता. त्यांची हकिकत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटू शकेल असे तपशील बदलून सांगते आहे. त्यांना आपण नाना म्हणू.

नाना ६९ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले. नोव्हेंबर हा निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. तो घरबसल्या कसा द्यायचा हे शोधत असताना त्यांनी एका अनोळखी संकेतस्थळावर क्लिक केले आणि लॅपटॉपचा पूर्ण पडदा लाल इशाऱ्याने भरून गेला. भोंगा वाजू लागला, संगणक बंद केल्यास सगळी माहिती नष्ट होईल असे एक ध्वनिमुद्रित आवाज इंग्रजीत बजावू लागला, आणि खाली मदतीसाठी मायक्रोसॉफ्टच्या नावाने एक टोल-फ्री क्रमांक होता. नानांनी त्यावर फोन केला. अनोळखी फोनवर विश्वास ठेवू नये, हे त्यांनी वर्तमानपत्रात अनेकदा वाचले होते. परंतु हा फोन त्यांना आलेला नव्हता, त्यांनी स्वतः केलेला होता, आणि त्यामुळेच त्यांच्या मनातली सावधगिरी जागी झाली नाही.

पलीकडचा माणूस अतिशय अदबीने हिंदीत बोलत होता. त्याने नानांना एनीडेस्क हे दुरून संगणक चालवण्याचे सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला लावले, त्यातला क्रमांक विचारला आणि मग विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून तांबड्या खुणांची लांबलचक यादी दाखवली. प्रत्येक खूण म्हणजे एक व्हायरस, असे त्याचे म्हणणे होते. घरात कोणाला सांगू नका, कारण वायफायवरून तो त्यांच्याही फोनमध्ये शिरेल, हे सांगायलाही तो विसरला नाही. ४,९९९ रुपये शुल्क भरण्यासाठी नानांनी नेटबँकिंग उघडले. पडदा काळा झाला, ‘स्कॅन चालू आहे’ असे त्यांना सांगण्यात आले, आणि मोबाइलवर आलेला ओटीपी ‘दुरुस्तीचा कोड’ म्हणून त्यांनी वाचून दाखवला. ४८,००० रुपये गेले.

नाना त्या संध्याकाळी जेवले नाहीत. काकूंना ‘पित्त झाले आहे’ असे सांगितले. तिसऱ्या दिवशी त्याच माणसाचा फोन आला, की चुकून कापलेली रक्कम परत करायची आहे, त्यासाठी पुन्हा एकदा लॅपटॉप सुरू करा. घरात कोणाला कळण्याआधी पैसे परत यावेत या एकाच आशेने नानांनी तो सुरू केला आणि आणखी ९२,००० रुपये गेले. पहिली फसवणूक भीतीने झाली, दुसरी लाजेने झाली, आणि माझ्या मते या व्यवहारातला मोठा आकडा लाजेच्या खात्यावर मांडायला हवा.

मुलाला कळल्यावर त्याने तातडीने बँकेला कळवले, १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, हे योग्यच केले. मात्र त्याच रागात त्याने वडिलांचे पासबुक, डेबिट कार्ड आणि लॅपटॉप ताब्यात घेतले आणि “आता तुम्ही कशालाही हात लावू नका” असे सुनावले. काळजीपोटी केले जाणारे हे कृत्य मला फार घातक वाटते, कारण आपले डोके चालेनासे झाले आहे या नानांच्या शंकेवर त्याने घरच्या माणसाचे शिक्कामोर्तब झाले.

मी त्यांची शंका हसण्यावारी नेली नाही. तेच ते प्रश्न पुन्हा विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणे, नेहमीची बिले भरायची राहून जाणे असे काही घडत असेल, तर तपासणी करायलाच हवी. नानांच्या बाबतीत यातले काही नव्हते, डॉक्टरांनी केलेली स्मरणशक्तीची प्राथमिक चाचणीही व्यवस्थित आली. तरीही त्यांचे समाधान झाले नाही. तेव्हा मी माझा स्वतःचा, उत्तम चालणारा लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि इव्हेंट व्ह्यूअर उघडला. तिथेही तशीच यादी होती: तांबड्या खुणा, पिवळे त्रिकोण. एखादी सेवा वेळेत सुरू झाली नाही, एखादे उपकरण सापडले नाही, अशा किरकोळ नोंदी प्रत्येक विंडोज संगणक रोज करत असतो. नानांनी चष्मा पुसला, बोट ठेवत पहिल्या पडद्यावरच्या नोंदी मोजल्या आणि म्हणाले, “मॅडम, मग तुमचे तर माझ्यापेक्षा वाईट आहे!” त्यांना हसताना मी प्रथमच पाहिले.

त्यानंतर आम्ही त्या दिवसाची उजळणी केली. जुन्या सवयीने त्यांनी फोन चालू असतानाच वहीत वेळा टिपल्या होत्या, ११.२० पडदा अडकला, ११.२५ फोन लावला, ११.४० क्रमांक सांगितला, अशा सुवाच्य अक्षरात. बुद्धी शाबूत होती याचा याहून चांगला पुरावा मला देता आला नसता, आणि पोलीस तक्रारीलाही तेच पान उपयोगी पडले. नेमके कुठे थांबता आले असते, हे आम्ही त्याच पानावर शोधले. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीच नसतो, म्हणजे ११.२० लाच गोष्ट संपू शकली असती. अडकलेला पडदा हे बहुधा ब्राउझरचे साधे पान असते. एस्केपची कळ दाबून धरावी किंवा चालू प्रोग्रामची यादी दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा, आणि पुन्हा उघडताना जुनी पाने परत आणू नयेत. ११.४० नंतर मात्र इंटरनेट तोडणे, दुसऱ्या उपकरणावरून बँकेचे व ईमेलचे पासवर्ड बदलणे आणि त्याच तासात बँकेला व १९३० ला कळवणे, हाच मार्ग उरतो.

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ओटीपी सांगण्यासारखी चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते. हे वाचून दाखवल्यावर नाना बराच वेळ गप्प होते. ९२,००० कुठल्या रकान्यात गेले असते, हे त्यांना सांगावे लागले नाही. तक्रारीमुळे त्यांतले काही पैसे समोरच्या खात्यात गोठवले गेले आहेत, बाकीचे बहुधा येणार नाहीत.

फसवणुकीचा हा सगळा व्यवहार ठरलेल्या संवादांची संहिता हातात घेऊन पाळ्यांमध्ये चालतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने ‘ऑपरेशन चक्र-२’ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉन यांच्या तक्रारींवरून अशा बनावट मदतकेंद्रांवर देशभर छापे घातले होते. रोज असंख्य माणसांवर सराव केलेल्या टोळीपुढे आपण एकटे होतो, हे समजल्यावर नानांनी स्वतःला ‘मूर्ख’ म्हणणे कमी केले.

मुलाशीही मी दोनदा बोलले. लॅपटॉपमध्ये विंडोज नव्याने घालून तो नानांना परत मिळाला. निवृत्तिवेतनाचे खाते त्यांच्याकडे राहिले, मोठी रक्कम मुदत ठेवीत गेली आणि नेटबँकिंगची मर्यादा त्यांनी स्वतःच कमी करून घेतली. हयातीचा दाखला काकूंना शेजारी बसवून त्यांनी त्याच लॅपटॉपवरून दिला.

शेवटच्या भेटीत त्यांनी वहीचे नवे पान दाखवले. सायबर पोलिसांच्या नावाने कोणीतरी फोन करून, ५,००० रुपये भरल्यास गेलेली सगळी रक्कम सोडवून देतो, असे सांगितले होते. पानावर एवढेच होते: ‘४.१०. फोन आला. ४.११. ठेवला. हिला सांगितले.’