सुरुवात तोतोरोपासून कर
अरे, जपानी अ‍ॅनिमेशनपट बघायला सुरुवात करतोयस, तर पहिल्याच रात्री 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' लावू नकोस. युद्धात उपासमारीने खंगणारी ती भावंडं बघून दोन दिवस घास उतरत नाही. गंमत म्हणजे १९८८ साली जपानात तो आणि दिग्दर्शक मियाझाकींचा 'माय नेबर तोतोरो' जोडीने दाखवले होते. कसे बसले असतील लोक!

तू तोतोरोच घे. खलनायक नाही, मारामारी नाही. आई इस्पितळात, दोन बहिणी, पाऊस, बसथांबा. तिथे बराच वेळ काही घडत नाही, नुसते छत्रीवर थेंब टपटपतात. ते आवडलं, तर पुढे 'स्पिरिटेड अवे' (२००१) बघ. दिग्दर्शक सातोशी कोनचा 'परफेक्ट ब्लू' मात्र पोरांना घेऊन नको, कार्टून समजून फसशील. आवाज जपानीच ठेव, खाली सबटायटल्स.