पानावर खायला काही नसेल तर करप्याची बुरशी उपाशी मरते का? मग धानावर करपा रोग येतोच कसा?

मरत नाही. तुम्ही म्हणता ते खरं आहे, धानाच्या पानावर तिला खायला काहीच नसतं. पण ही उपासमारच तिला पानात घुसायला लावते.

करप्याचा बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, तीन पेशींचा, लांबी मिलिमीटरच्या साधारण चाळिसाव्या भागाएवढी. शिदोरी तो सोबत घेऊनच येतो. दवाचा थेंब मिळाला की काही तासांत कोंब फुटतो. प्लास्टिकच्या तुकड्यावर साध्या पाण्याचा थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली मी हे पाहिलं आहे. कोंब थोडासा वाढतो, टोकाशी वळतो आणि तिथं गोल फुगा धरतो. दुसऱ्या दिवशी तो फुगा काळा पडलेला असतो. थेंबात यीस्टचा अर्क मिसळला, तर कोंब नुसतेच लांबत जातात, फुगे फार थोडे धरतात. पोट भरलेल्या बुरशीला पानात शिरायची घाई नसते!

फुगा भरायला बीजाणू स्वतःच्याच पेशी मोडून पचवतो आणि रिकामा होऊन मरतो. ही क्रिया बंद पाडली तर रोगच होत नाही, हे 2006 मध्ये सिद्ध झालं. फुग्यातला दाब 1991 च्या मोजणीत 80 वातावरणांइतका निघाला, म्हणजे मोटारीच्या टायरच्या चाळीसेक पट. त्या जोरावर फुग्याखालून निघालेली बारीक खुंटी पानाची साल भोसकते.

मग युरिया जास्त पडलेल्या बांधीतच करपा जास्त का? कारण युरियातल्या नत्रानं धान माजतो, पानं कोवळी आणि दाट होतात, हवा खेळत नाही, दव उशिरापर्यंत वाळत नाही. आत शिरल्यावर बुरशीला खायलाही भरपूर मिळतं. आपल्या भंडारा-गोंदियाकडे रोवणीनंतर धान जरा पिवळा दिसला की लगेच युरियाचं पोतं फोडतात. ढगाळ दिवस आणि सकाळी दाट दव असेल तेव्हा तरी हात आखडा. नत्र हप्त्यांनीच द्या.

ट्रायसायक्लाझोल हे बुरशीनाशक त्या फुग्याचा काळा रंगच बनू देत नाही. रंग नाही तर दाब टिकत नाही, आणि खुंटी आत जात नाही. म्हणून हे औषध बुरशी शिरायच्या आधी पानावर हवं. मधे राखाडी, कडेला तपकिरी असे डोळ्याच्या आकाराचे ठिपके एकदा पडले की ते फवारणीनं पुसले जात नाहीत. पानावर करपा दिसला असेल तर मानमोडीसाठी, म्हणजे लोंबीच्या मानेवरच्या करप्यासाठी, लोंबी बाहेर पडायला लागताच फवारा, लोंबी वाळून दाणे पोचट झाल्यावर नाही.